भाऊजी, तुमच्या गाडीतला डबा

भाऊजी, तुम्हाला माझ्या डब्यानं मारलं असं लोक म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, दुकानासमोरून जाताना आवाज बारीक करतात, एवढंच. उमरेड रोडवर ज्या चहाच्या टपरीपाशी तो कोळशाचा टिप्पर बिनलाइटचा उभा होता, त्या टपरीवाल्यानं पोलिसांना सांगितलं की गाडीवाला त्या टिप्परवर धडकला तेव्हा त्याच्या गाडीचा लाइट लागलेला नव्हता. दिवेलागणीची वेळ, अंधारून आलेलं, अन् तुमचा लाइट बंद. झालं. एवढी गोष्ट हुडकेश्वरपर्यंत यायला कितीसा वेळ लागतो? मोटरसायकलचं वायरिंग कोणी केलं होतं? बायकोच्या भावानं, राजूनं. अन् त्यात ते नवीन काहीतरी बसवलं होतं नं, पुण्याहून शिकून आला तेच.

ताईनं मात्र तोंडावर म्हटलं. राख सावडून आम्ही घाटावरून परत आलो होतो, मी अंगणात पायांवर पाणी घेत होतो. शोभाताई दारात येऊन उभी राहिली अन् सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाली, "तुया डब्ब्यानं नेलं माया माणसाले." रडली नाही, ओरडली नाही. दूधवाल्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगावं, तसं सांगितलं. तेव्हापासून तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. मी घरात आलो की ती आतल्या खोलीत जायची. आमची आई गेल्यावर जिनं मला तुमच्या घरी आणलं, शाळेत घातलं, आंघोळीला पाणी काढून दिलं, ती माझी बहीण माझ्या चपलांचा आवाज ओळखून उठून जायची.

अन् मी तिला उलट काही बोललो नाही. का नाही बोललो सांगू? मला स्वतःलाच माहीत नव्हतं. डबा मी बसवला, तारा मी सोडल्या, एकेक जोड माझ्या हातचा. त्यातला एखादा ऐन वेळी सुटला नसेल असं मी कोणाच्या तोंडावर सांगू? गाडी ठाण्यात अडकून पडली होती. ती सुटून येईपर्यंत मी नुसता डोळे मिटून तिचं वायरिंग पुन्हा पुन्हा करत राहिलो. टाकीखालची अर्थिंगची तार. तिथला रंग मी नीट खरवडला होता का? हँडल वळतं तिथं तारेला ढील ठेवली होती का? आठवायचं, पटायचं, अन् पाणी प्यायला उठलो की पुन्हा शंका यायची.

तुम्ही तर आधीपासूनच विरोधात होता. गणपत वायरमन म्हणजे अख्ख्या हुडकेश्वरात जुन्या मोटरसायकलींचा डॉक्टर, अन् त्या डॉक्टरला साधी चिकटपट्टी चालत नव्हती. मे महिन्यात आपल्याकडे पट्टीचा गोंद वितळतो, तारा चिकट होतात, त्यावर धूळ बसते, म्हणून तुम्ही तारांची जुडी सुती धाग्यानं बांधायचे. धागा उमरेडचा, तुमच्या आईकडचा. माग बंद होऊन जमाना झाला, पण घरात धाग्याच्या लडी उरल्या होत्या, अन् दर खेपेला आई पिशवीत एखादी कोंबून द्यायचीच. ताई त्याला मेण चोळून ठेवायची. विणकराचं पोर, दुसरं काय करणार, असं तुम्हीच म्हणायचे. तुम्ही बांधलेली जुडी दहा वर्षांनी उघडली तरी तशीच निघते. मी पुण्यात महागड्या गाड्यांच्या गॅरेजात काम केलं, तिथं कोणाच्या हातात तशी गाठ पाहिली नाही. तुम्ही असताना हे बोललो नाही, कारण तुम्ही लगेच फुगले असते.

आयुष्यभर लोकांच्या गाड्या केल्या अन् शेवटी स्वतःसाठी एक करायला घेतली. कळमेश्वरच्या एका कामगाराकडून ती जुनी साडेतीनशे सीसीची गाडी आणली, मडगार्ड कापले, टाकी बदलली, सीट पातळ केली. मागं बसायला जागा ठेवा नाहीतर एकटेच फिरा, असं ताईनं बजावलं म्हणून सीट तेवढी लांब राहिली. अन् मग तुमचा हट्ट सुरू झाला. गाडीत एकही तार दिसली नाही पाहिजे. बरं, तार लपवायची कुठं? सीटखाली बोटभर जागा, टाकीखाली तेवढीच. त्यात फ्यूजची पेटी, लाइटचा रिले, हॉर्नचा रिले, इंडिकेटरचा टिकटिक करणारा फ्लॅशर, अन् हँडलपासून मागपर्यंत जाणारी मनगटाएवढी जुडी. तुम्ही ते सगळं फरशीवर मांडून त्याच्याकडे पाहत बसले होते. मी म्हटलं, भाऊजी, याच्या जागी एक डबा बसवतो. काडेपेटीपेक्षा जरासा मोठा.

"डब्बा करते काय?" तुम्ही विचारलं.

मी सांगितलं. बॅटरीपासून एकच जाड तार डब्यात जाते. हँडलवरच्या बटणांतून खरी वीज धावतच नाही, बारीक तार फक्त निरोप नेते, की बाबा बटण दाबलं. लाइटला वीज द्यायची, हॉर्नला द्यायची, इंडिकेटर लुकलुकवायचे, हे सगळं डबा बघतो. रिले नको, फ्लॅशर नको, फ्यूजही नको. कुठं शॉर्ट झालं तर तेवढी लाइन बंद करतो, बाकीच्या चालू ठेवतो, अन् अंगावरचा हिरवा ठिपका लाल करून दाखवतो.

तुम्ही ती बटणाची तार चिमटीत धरून उजेडात पाहिली. "हे तार होय का शेवई?"

"भाऊजी, निरोपाले जाड तार कायले पाहिजे?"

"अन् डब्बाच गेला तं? मायं एक फ्यूज गेलं तं एक लाइट जाते, साळेबुवा, पण माणूस घरी येते. तुया डब्ब्यात सगळ्याईचा जीव एकाच जागी."

कंपनीची माहिती मी सांगितली, पुण्यात इतक्या गाड्यांना बसवला एकही परत आली नाही हे सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलं अन् म्हणाले, "पुण्यातल्या गाड्या एसीच्या गॅरेजात उभ्या राह्यते. इथं सेहेचाळीस डिग्रीत उभी राहीन हे." ते वाक्य नंतर माझ्या डोक्यात किती वाजलं म्हणून सांगू. गाडी ठाण्याच्या आवारात उन्हात उभी होती, अन् मी घरी बसून तेच ऐकत होतो.

तरी तुम्ही हो म्हटलं. पटलं म्हणून नाही, तार लपवायची होती म्हणून. मी बसवायला घेतलं की तुम्ही मुद्दाम पाठ करून बसायचे. हातात चहा, तोंड रस्त्याकडं. म्हणजे जणू सांगत होते, तुझ्या डब्याशी मला काही देणंघेणं नाही. पण समोर दुरुस्तीला आलेली स्कूटर उभी असायची, अन् तिच्या आरशात तुमचे डोळे मला दिसायचे. माझ्या हाताकडे टक लावलेले. एकदा मी मुद्दाम तार चुकीच्या खाचेत नेली, तर तुम्ही पाठमोरेच खाकरले. मला हसू आवरेना, अन् तुम्ही चहा जास्त गोड झाला म्हणून ताईवर घसरले.

चावी पहिल्यांदा फिरवली तेव्हा ताईपण दुकानात आली होती. मी डब्यात असं ठरवून दिलं होतं की चावी दिली की पुढचा लाइट लागलाच पाहिजे, दिवस असो की रात्र. नव्या गाड्यांना असतोच तसा. हँडलवरच्या बटणानं त्याचा झोत फक्त खाली-वर करायचा, बंद करायची सोयच नाही ठेवली. लाइट लागला, तुम्ही गाडीभोवती एक चक्कर मारली, कुठं तार दिसते का ते वाकून पाहिलं, एकही दिसली नाही. तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. तोंडानं मात्र म्हणाले, "ठीक आहे."

अन् मग त्या दिवसा जळणाऱ्या लाइटवरून आपलं वाजलं. तुम्ही जुन्या गाड्यांचे. बॅटरी जपायची, बल्ब जपायचा, पूर्ण अंधार पडल्याशिवाय लाइट लावायचा नाही, ही तुमची तीस वर्षांची सवय. अन् इथं तर भर दुपारी लाइट जळतो. आपल्याकडची तऱ्हा तर माहीतच आहे, दिवसा कोणाचा लाइट चालू दिसला की समोरून येणारा प्रत्येक माणूस बोटं उघडमिट करून दाखवतो, बंद करा म्हणून. रिक्षावाला करतो, शाळेची पोरं करतात, भाजीवाली बाई पण करते. तुम्ही सक्करदऱ्याहून आले की भडकलेले. "अर्धं नागपूर मले हात करून राह्यलं. येड्यासारखं वाटते. याले बटणावर घेऊन दे."

मी म्हटलं, नाही. उमरेडचा रस्ता आहे, कोळशाच्या गाड्या आहेत, तुम्ही दर आठवड्याला आईकडं जाता. लाइट चालूच राहील. तुम्ही म्हणाले, गाडी कोणाची? मी म्हटलं, गाडी तुमची, वायरिंग माझं. आवाज चढले. ताई मधे पडली नाही, ती धाग्याला मेण चोळत बसली होती. तुम्ही पक्कड फरशीवर टाकली, बाहेर गेले, परत आले अन् म्हणाले, "बरं." मला वाटलं मी जिंकलो. त्या "बरं"वर मी त्या दिवशी किती खुश होतो, भाऊजी, काय सांगू.

तेरवी झाल्यावर बऱ्याच दिवसांनी गाडी सुटली. कागद तुमच्या नावाचे, म्हणून ताईला सह्या कराव्या लागल्या. छोट्या टेम्पोतून गाडी दुकानात आणली. शेवटच्या क्षणी तुम्ही गाडी वळवली असणार, कारण समोरचं चाक अन् लाइट बऱ्यापैकी वाचले होते. एका बाजूला हँडल वाकलं होतं, लाइटची काच तडकली होती, टाकीला खोल चरा पडला होता. तो चरा मी बोटानं चाचपला अन् लगेच हात मागं घेतला. जे लागायचं ते तुम्हालाच लागलं होतं.

मी शटर अर्धं खाली ओढलं. दुपारची वेळ, बाहेर ऊन रणरणत होतं. वाटलं, आता एकट्यानं उघडून बघतो, जे असेल ते कळू दे. तेवढ्यात ताई शटरखालून वाकून आत आली. इतक्या दिवसांनी माझ्याशी पहिल्यांदा बोलली. "मायासमोर खोल," म्हणाली, अन् तुमच्या स्टुलावर बसली.

मी सीट काढायला घेतली. चार बोल्ट, अन् मला ते निघेनात. सीट उचलली अन् मी तिथंच थांबलो. मी डबा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीनं बसवला होता. आता तो धाग्यानं बांधलेला होता. मेण लावलेला, उमरेडचा धागा, आडवा-उभा, तुमची गाठ. म्हणजे माझ्यामागं तुम्ही सीट उघडली होती. तुम्ही अजून काय केलं असेल? तुमच्या पद्धतीनं एखादी जास्तीची तार टाकली? डबा सोडून बॅटरीवरून लाइन ओढली? मी बॅटरीपासून एकेक तार बोटानं चाचपत गेलो. काही नव्हतं. मी सोडलेली प्रत्येक तार जिथल्या तिथं होती. ओढून पाहिली, एकही हलली नाही. जोड असा कर की चिडून ओढला तरी निघू नये, हे तुम्हीच शिकवलं होतं, नाही निघाला.

"काय झालं?" ताईनं विचारलं.

"काही नाही. तार ठीक आहे."

"मंग चावी दे."

बॅटरी उतरली होती, मी दुकानातली दुसरी जोडली. जोडताना एक बारीक ठिणगी उडाली अन् मी दचकलो, मी, ज्यानं हजार वेळा बॅटरी जोडली. ताईची नजर लाइटवर होती. मी चावी फिरवली. ठिपका हिरवा झाला. मागचा दिवा लागला. पुढचा लाइट लागला नाही.

भाऊजी, त्या क्षणी मी तुमचा खुनी होतो. दुसरा शब्दच नाही. लाइट लागायलाच पाहिजे होता, मी तसंच ठरवून दिलं होतं, अन् तो लागला नव्हता. म्हणजे टपरीवाला खरं बोलला, ताई खरं बोलली. ताईकडं बघायची हिंमत होईना. अन् तरी डोक्यातला एक कोपरा, जो तुम्ही घडवला, तो म्हणत होता, ठिपका हिरवा आहे. लाइन खराब असती तर लाल असता.

ताई म्हणाली, "बटण दाब."

मी तिच्याकडे पाहिलं. त्या बटणानं लाइट लागतच नाही, फक्त खाली-वर होतो. हे तिला कसं माहीत असणार म्हणून मी सांगायला लागलो, तर ती पुन्हा म्हणाली, "दाब नं गा ते बटण."

दाबलं. लाइट लागला. तडकलेल्या काचेतून उजेड समोरच्या भिंतीवर पडला, तुमच्या पान्यांच्या फळीवर. कुठं लुकलुक नाही, मंद नाही, चांगला लख्ख. मी बंद केला, पुन्हा लावला. हँडल इकडून तिकडं वळवलं, गाडी गदागदा हलवली, सीटखालच्या तारा ओढल्या. लाइट हलला नाही.

मला सगळं कळलं. ती सेटिंग तुम्ही बदलली होती. हॉर्नचं बटण दाबून धरायचं, चावी द्यायची, ठिपक्याचं लुकलुकणं मोजायचं अन् बरोबर जागी बटण सोडायचं. हे माझ्याशिवाय कोणाला येत नव्हतं. मी करत असताना स्कूटरच्या आरशात बघून तुम्ही ते उचललं होतं. ज्याला तुम्ही डब्बा डब्बा म्हणून नावं ठेवली, तो तुम्ही शिकून घेतला होता, स्वतःच्या धाग्यानं जागेवर बांधला होता. मला इतका आनंद झाला, भाऊजी, की लाज वाटते सांगायला. मी ताईला म्हटलं, "ताई, डब्बा चांगला आहे. भाऊजीनं लाइट बटणावर घेतला होता. त्याईनंच घेतला. मायं काही चुकलं नाही." हसत होतो मी. तुमच्या गाडीपाशी उभा राहून हसत होतो.

ताईचा चेहरा मी उशिरा पाहिला. लाइट लागू नये म्हणून ती तिथं बसली होती. हे मला तेव्हा कळलं. मला वाटलं होतं की त्या दुकानात माझीच परीक्षा चालली आहे.

"मीच सांगितलं होतं त्याईले," ती म्हणाली. "कळमेश्वरले साक्षगंधाले गेलो होतो. नवी साडी घालून मागं बसली होती मी, अन् रस्ताभर जो तो हात करून राह्यला. पोट्टे हसून राह्यले. मी म्हटलं, वरातीची गाडी आहे काय हे? तो लाइट बंद करा, नाहीतर मी नाही बसत तुमच्या मागं. तं म्हणे, राजू आयकत नाही. मी म्हटलं, मंग तुम्हीच करा, मोठे वायरमन आहात नं." मग म्हणाली, "दुसऱ्या दिवशी आले अन् म्हणे, घे, केला बंद. किती खुश होते."

मी बटण बंद केलं. काहीतरी करायचं म्हणून केलं.

"अंधार पडेपर्यंत ते लावतच नाही नं," ती म्हणाली. "मले माहीत होतं. तुले नावं ठेवून राह्यली होती मी, अन् मले माहीत होतं. म्हटलं, दाबलं असंन बटण, लागला नसंन. असं तं होऊ शकते नं? मशीन आहे."

मी म्हटलं, "ताई, अवं, लाइट असता तरी काय झालं असतं? टिप्परवाल्यानं मागं ना लाइट लावला, ना दगड ठेवले. चूक त्याची आहे." हे खरं आहे, भाऊजी. मी आजही तेच मानतो. पण त्या वेळी तिनं ते ऐकलंही नाही. मग मी खोटं बोललो. म्हटलं, कधी कधी हे बटण गरम झालं की अटकते, त्याईनं दाबलंही असंन. ती माझ्याकडे बघत राहिली. वायरमनची बायको आहे ती, मी विसरलोच.

थोड्या वेळानं म्हणाली, "उमरेडले आईनं मले विचारलं होतं. त्याचा लाइट काहून नव्हता वं, म्हणून. मी तुयं नाव सांगितलं."

"बरं केलं."

"आता काय सांगू तिले?"

एवढे दिवस मी एकाच गोष्टीसाठी झुरत होतो, की डबा चांगला निघावा अन् ताई माझ्याशी बोलावी. दोन्ही झालं होतं. ती माझ्याशी बोलत होती. माझ्यासमोर तुमच्या स्टुलावर बसली होती अन् तिचे हात मांडीवर असे पडले होते की जणू तिचे नाहीतच. मी म्हटलं, "जे सांगितलं तेच राहू दे."

"तुया धंद्याचं काय?"

"पाहून घेईन."

ती म्हणाली, "तुले सांगाच लागलं तं त्याईलेच सांगजो. बाकी कोणाले नाही." म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं बसनं उमरेडला गेलो. तुमची आई पुढच्या खोलीत खाटेवर होती. माग होता ती जागा आता मोकळी आहे, तिथं डाळ वाळत घातली होती. मला पाहून ती उठून बसायला लागली. वाटेत सगळं ठरवून गेलो होतो, तरी मी नुसताच तिच्या पायाशी खाली बसलो. शेवटी म्हटलं, "आई, डब्बा खराब होता. लाइट लागला नाही."

ताई मागं दारात उभी होती, पाण्याचा गिलास हातात घेऊन. मला वाटलं आई मला शिव्या देईल, द्याव्यात असंही वाटलं. तिनं हात पुढं करून माझ्या डोक्यावर ठेवला. तो हात, भाऊजी, तुमच्या हातासारखाच आहे, बोटांची पेरं तशीच रुंद.

"तू काय जाणूनबुजून केलं काय, बापा?" ती म्हणाली. "त्याले चांगलं वाटावं म्हणूनच केलं नं? त्याचं वाईट व्हावं असं थोडी वाटलं होतं तुले. मंग कायले जीव जाळून राह्यला? मी नाही ठेवलं मनात काही. तूही नको ठेवू."

मागं ताई खाली बसली. पाणी सांडलं. तुम्हाला घाटावर नेलं तेव्हा ती रडली नव्हती, तेरवीलाही नाही. आता पदर तोंडात कोंबून रडत होती अन् तो आवाज खोलीत मावत नव्हता. मी उठलो नाही. आईचा हात माझ्या डोक्यावर होता, मला तो तसाच ठेवायचा होता, ताईचं रडणं थांबेपर्यंत.

आईनं विचारलं, "शोभा काहून रडून राह्यली गा?"

मी म्हटलं, "तुम्ही मले माफ केलं म्हणून."

भाऊजी, डबा खराब होता. तुम्हाला तिकडं कोणी विचारलं, तर तुम्हीही तेच सांगजा.